हरवलेल्या बॅगेची भरपाई : एका विमान कंपनीच्या तक्रार सेवेचा अनुभव

धाकट्या बहिणीच्या लग्नाचा निम्मा बस्ता ज्या बॅगेत होता, ती बॅग बंगळूरहून नागपूरला येताना हरवली. तिच्या भरपाईसाठी यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील आमच्या गावातून जो पाठपुरावा करावा लागला, त्याच्या आधारे या विमान कंपनीच्या सामान-तक्रार सेवेला मी पाचपैकी दोन गुण देतो.

हे दोन्ही गुण नागपूर विमानतळावरील कर्मचाऱ्यांचे आहेत. पट्ट्यावरचे सामान संपले तेव्हा तेथील ताईंनी आम्हाला बाहेर जाऊ न देता आधी सामान न मिळाल्याचा लेखी अहवाल भरून घेतला, बॅगेचा रंग, आकार आणि खुणा बारकाईने विचारल्या आणि अहवालाची प्रत हातात दिली. बोर्डिंग पास आणि त्याला चिकटवलेली सामानाची चिठ्ठी जपून ठेवा, असेही त्यांनी आवर्जून सांगितले. पुढे प्रत्येक टप्प्यावर हेच तीन कागद कामी आले, म्हणून ते हाती असल्याशिवाय कोणीही विमानतळ सोडू नये.

त्यानंतरची सेवा मात्र निराशाजनक होती. दूरध्वनीवर दर वेळी नवा माणूस भेटे आणि त्याला सारी हकीकत पहिल्यापासून सांगावी लागे. दाव्याचा अर्ज केवळ इंग्रजीत होता आणि प्रत्येक वस्तूची पक्की पावती जोडण्याची त्यात अट होती. रेशमी साड्यांच्या दुकानदाराने पावत्यांच्या प्रती व्हॉट्सॲपवर लगेच पाठवल्या. परंतु आठवडी बाजारातून घेतलेले कपडे, गावच्या शिंप्याकडून शिवून घेतलेले ब्लाउज आणि आईने मावशीकडून आणलेले लुगडे यांची पावती कोठून आणायची? खेड्यातील बहुतेक खरेदी रोखीने आणि विश्वासावर होते. तिची पावती नसते, म्हणून तिची किंमत शून्य ठरवणे हा उघड अन्याय आहे. शेवटी आम्ही वस्तूंची यादी, अंदाजे किंमत आणि खरेदीचे ठिकाण लिहून नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र केले आणि त्यासोबत बस्त्याच्या दिवशी काढलेले फोटो व फोनवरून केलेल्या भरण्यांच्या नोंदी जोडल्या.

यावर कंपनीने बॅगेच्या वजनाला किलोमागे दर लावून एक किरकोळ रक्कम देऊ केली आणि ती स्वीकारल्यावर पुढे कोणताही दावा करणार नाही, अशा मजकुरावर सही मागितली. देशांतर्गत प्रवासात सामान हरवल्यास कंपनीची जबाबदारी प्रति प्रवासी २०,००० रुपयांपर्यंत असल्याचे नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या २०१९ च्या प्रवासी सनदेत नमूद आहे. ही कमाल मर्यादा असल्यामुळे नुकसान दाखवावेच लागते, हे मला मान्य आहे. पण त्या मर्यादेचा उल्लेख कंपनीने आपल्या एकाही पत्रात केला नाही, ही गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. (परदेश प्रवासासाठी १९९९ चा मॉन्ट्रिअल करार लागू होतो. त्यातील मर्यादा डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक), म्हणजे दीड लाख रुपयांहून अधिक आहे. ठरलेल्या दिवसापासून २१ दिवसांत बॅग आली नाही तर ती हरवली असे धरून दावा करता येतो, आणि बॅग फुटून आली असेल तर ७ दिवसांच्या आत लेखी तक्रार द्यावी लागते.)

सही न करता मी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, रजिस्टर पोस्टाने सविस्तर पत्र पाठवले आणि मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवली. पत्राच्या अखेरीस, समाधान न झाल्यास यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ, असे स्पष्ट लिहिले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते; कंपनीचे मुख्य कार्यालय दिल्लीला असो वा मुंबईला, तेथे खेटे घालावे लागत नाहीत. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते आणि त्यासाठी २ वर्षांची मुदत असते. यवतमाळचा उल्लेख होताच कंपनीची भाषा बदलली. ज्या प्रतिज्ञापत्राकडे आधी कोणी पाहिलेही नव्हते तेच आता ग्राह्य धरले गेले आणि भरपाईची रक्कम कमाल मर्यादेच्या जवळ पोहोचली.

प्रत्यक्ष नुकसान त्याहून बरेच मोठे होते, तरी लग्नाची तारीख जवळ आल्यामुळे आणि साड्या पुन्हा घ्यायच्या असल्यामुळे घरच्यांशी बोलून मी ती रक्कम घेतली. किमती सामान बॅगेत देणे अटळच असेल तर ते सोपवताना काउंटरवर जादा मूल्य लेखी जाहीर करण्याची सोय आहे का, हे विचारून घ्यावे. तसे मूल्य जाहीर करून ठरलेले शुल्क भरल्यास कंपनीची जबाबदारी वाढू शकते. रोकड आणि दागिने मात्र हातातील पिशवीतच ठेवावेत, कारण सोपवलेल्या बॅगेतील अशा वस्तूंची जबाबदारी कंपन्या आपल्या अटींमध्येच नाकारतात.

कंपनीने दाव्याचा अर्ज मराठी आणि हिंदीत उपलब्ध केला, पावती नसलेल्या वस्तूंसाठी प्रतिज्ञापत्र पहिल्याच टप्प्यावर स्वीकारले आणि प्रत्येक तक्रारीसाठी एकच अधिकारी नेमला, तर मी हे गुण आनंदाने वाढवीन.