डॉक्सिजन : नावं तपासतं, खरंखोटं नाही

पाचपैकी साडेतीन तारे. सी आणि सी प्लस प्लस या भाषांतल्या कोडमधल्या कमेंट्समधून (प्रोग्रामरने माणसांसाठी लिहिलेल्या टिपांमधून) माहितीची एचटीएमएल पानं काढून देणारं डॉक्सिजन हे साधन १९९७ पासून आहे आणि फुकट आहे. नागपुरातलं मिहान असो की परसोडीचा आयटी पार्क, जुना कोड नव्या माणसाच्या हाती द्यायचा असेल तर कामाचं आहे.

'डॉक्सिजन -जी' ही कमांड चालवली की डॉक्सीफाइल, म्हणजे सेटिंग्जची फाइल, तयार होते. ती जशीच्या तशी वापरली तर पहिल्याच दिवशी वैताग. 'रिकर्सिव्ह' बंद असतं, त्यामुळे आतल्या फोल्डरमधलं काहीच येत नाही. सी मधली सुटी फंक्शन्स गायब असतील तर फाइलच्या माथ्यावर '@फाइल' टाकायचं राहिलंय. साध्या दोन स्लॅशची कमेंट ते वाचतच नाही. तीन स्लॅश हवेत, किंवा एका स्लॅशपुढे दोन स्टार.

कमेंट नसलेलंही सगळं छापणारं 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' हे सेटिंग चालू करू नका. पानं भरगच्च दिसतात, पण कमेंट नसल्याची वॉर्निंगच बंद पडते. त्यापेक्षा पॅरामीटरची (फंक्शनला दिलेल्या मूल्याची) माहिती लिहिली नसेल तर टोकणारं 'वॉर्न नो पॅरमडॉक' चालू करा आणि 'वॉर्न ॲज एरर'ला 'फेल ऑन वॉर्निंग्ज' द्या. सगळ्या चुका एकदम दिसतात, मग बिल्ड फेल होतो.

आता खरी मर्यादा. कूलरच्या कंट्रोलरचं फंक्शन घ्या: पंप सुरू, ९० सेकंद थांबा, मग पंखा. पॅरामीटरचं नाव बदललं आणि कमेंटमध्ये जुनंच राहिलं, तर डॉक्सिजन लगेच बोंबलतं. ९० चे १२० केले आणि कमेंटमध्ये ९० च राहिले, तर गप्प. म्हणून आकडा कोडमधल्या कॉन्स्टंटमध्येच (नाव दिलेल्या ठरावीक किमतीत) असू द्या. कमेंटमध्ये कारण लिहा: 'खस पूर्ण भिजण्याआधी पंखा फिरला तर खोलीत गरम हवा येते.' ही ओळ नसली की कोणीतरी हिवाळ्यात टेस्ट करताना तो थांबा उगाचचा समजून उडवतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात तक्रारी सुरू. 'पंखा सुरू करतो' असली कमेंट मात्र नकोच, ते फंक्शनचं नावच सांगतं.

कमेंटमध्ये '@टूडू' लिहून ठेवलेल्या बाकी कामांची वेगळी यादी आपोआप बनते, हे झकास. कमेंट करून ठेवलेला मेलेला कोड मात्र तुम्हालाच काढावा लागेल. कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटमध्ये तो आहेच.

पायथनवाल्यांनी आधी 'पायथन डॉकस्ट्रिंग' बंद करावं, नाहीतर डॉकस्ट्रिंगमधले (फंक्शनच्या आत लिहिलेल्या माहितीतले) '@पॅरम' साध्या मजकुरासारखे जसेच्या तसे छापले जातात.