कोरियनचा ओटा, साडेचार वर्षं वापरून: मंदिराला डोळे झाकून घ्या, गॅसजवळ जरा थांबा

कोरियन म्हणजे कोरियातनं येतं का रे, हा आईचा पहिला प्रश्न होता आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. तर नाही. ड्यूपाँट नावाच्या अमेरिकन कंपनीने १९६७ मध्ये हे मटेरियल शोधलं, कोरियन हे त्यांनी ठेवलेलं ब्रँडचं नाव. पुढे बाकीच्यांनीही तसल्या शीट काढल्या, त्यात एलजीने काढलेलं हाय-मॅक्स आणि सॅमसंगने काढलेलं स्टॅरॉन हे मात्र खरेखुरे कोरियातले, म्हणजे आई अगदीच चुकली नव्हती. आपल्याकडे याचं झेरॉक्ससारखं झालंय, सॉलिड सरफेसची, म्हणजे या जातीची, कुठलीही शीट असू दे, दुकानदार कोरियनच म्हणणार. आणि गडबड तिथंच सुरू होते.

आमचा पुण्यातला फ्लॅट जुना, ओटा कडप्प्याचा, पंचवीस वर्षं झालेली, सिंकजवळचा सांधा कायम काळा, कितीही घासा तिथं झुरळं यायचीच. रिनोव्हेशन काढलं तेव्हा बायकोची एकच अट होती, सांधा नको. ग्रॅनाइटवाला म्हणाला सांधा येणारच, एल शेपचा ओटा आहे, अखंड दगड कुठून आणू. मग भवानी पेठेत टिंबर मार्केटच्या बाजूला फिरताना एका दुकानात सॅम्पल बघितलं, दोन तुकडे जोडलेले आणि जोड कुठाय ते बोट फिरवूनही कळेना, तिथंच आम्ही गार पडलो. कोटेशन ग्रॅनाइटच्या जवळजवळ तिप्पट आलं तरी हो म्हणून बसलो.

हे नेमकं असतं काय ते आधी सांगतो, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं. साधारण एक तृतीयांश अ‍ॅक्रिलिक आणि दोन तृतीयांश अ‍ॅल्युमिनियम ट्रायहायड्रेट, म्हणजे बॉक्साइटपासून काढलेली पांढरी पावडर, वर थोडा रंग. अ‍ॅक्रिलिक म्हणजे ज्याची आजोबांची कवळी बनते तेच, आणि ती पावडर म्हणजे पित्ताच्या औषधात असते तीच. म्हणजे आमचा ओटा कवळी अधिक पित्ताचं औषध असा आहे, हे मी घरात एकदाच बोललो, परत बोलायची हिंमत झाली नाही. पण यात मुद्दा असा की हा दगड नाही, हे भरीव प्लॅस्टिक आहे. लॅमिनेटसारखा वरचा थर नाही, वरपासून खालपर्यंत एकच. त्यामुळे चरा पडला तर घासून काढता येतो, सुताराच्या मशीनवर कापता येतो, आणि अ‍ॅक्रिलिकच्याच त्याच रंगाच्या ग्लूने जोडला की सांधा दिसत नाही. सूक्ष्म छिद्रं नसल्याने पाणी, तेल काही आत मुरत नाही, म्हणून तर हॉस्पिटलात याचे काउंटर बसवतात. हात ठेवला तर ग्रॅनाइटसारखं गार लागत नाही आणि स्टीलचा पेला आपटला तर खण्ण न होता मऊ ठक असा आवाज येतो. काचेचा ग्लास हातातनं सुटला तरी वाचायची शक्यता जरा जास्त, आमचे दोन वाचलेत.

आता हळद. हा प्रश्न सगळे विचारतात. आमचा रंग पांढरा, बारीक राखाडी ठिपक्यांचा, फिनिश मॅट. हळद आत जात नाही पण बारीक चऱ्यांमध्ये बसते आणि लगेच पुसली नाही तर पिवळा डाग राहतो. क्रीम क्लीनर आणि हिरवी घासणी घेऊन हलक्या हाताने गोल गोल फिरवलं की जातो, उरलाच तर खिडकीच्या उन्हाने दोन-चार दिवसांत फिका पडतो, हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही हे आईला माहीतच होतं. आमरसाचे, चहाचे, लोणच्याच्या तेलाचे डाग नुसत्या साबणाने गेले. काळा किंवा गडद चॉकलेटी रंग मात्र घेऊ नका, आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी घेतलाय, प्रत्येक ताट सरकवल्याची रेघ दिसते. ग्लॉसी तर त्याहून नको.

आणि आता उष्णता, ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय. ही शीट वाकवायची असली तर साधारण १५०-१६० डिग्रीला तापवतात, मग ती नरम होते आणि पाहिजे तशी वळवता येते, गोल काउंटर, बेसिन सगळं असंच बनतं. तळणाचं तेल किती तापतं? १८० च्या आसपास. म्हणजे चकल्या तळून झाल्यावर आई जी कढई उचलून शेजारी ओट्यावर ठेवते ती शीट वाकवण्यापेक्षा जास्त गरम. कडप्प्यावर तिने पंचवीस वर्षं हेच केलं, त्याला काही झालं नाही, मग तिला दोष कसा देणार. दुकानदाराने आम्हाला सांगितलं होतं "हीट रेझिस्टंट आहे साहेब", आम्ही ऐकलं. क्वार्ट्झवाले पण हेच सांगतात बरं का, पण क्वार्ट्झ म्हणजे दगडाचा चुरा रेझिनने, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या चिकटाने, बांधलेला, त्यालाही गरम भांडं थेट चालत नाही. गरम भांड्याच्या बाबतीत ग्रॅनाइटला तोड नाही, हे कोरियनच्या प्रेमात असूनही मान्य करतो.

पहिल्याच दिवाळीत कढईचा गोल पांढुरका डाग पडला, तो घासून निघाला. दुसऱ्या वर्षी मात्र हॉबच्या (ओट्यात बसवलेल्या गॅसच्या शेगडीच्या) कटआउटच्या, म्हणजे त्यासाठी कापलेल्या भोकाच्या, कोपऱ्यातनं केसाएवढी भेग निघाली आणि महिन्याभरात वीतभर झाली. बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणे मॅडमनी गरम काहीतरी ठेवलं असणार, वॉरंटीत नाही. नंतर फोन उचलणं बंद. शेवटी दुसरा फॅब्रिकेटर, म्हणजे शीट कापून बसवणारा, शोधला, तो आला, हॉब उचलून आत टॉर्च मारली आणि म्हणाला, साहेब हे बघा कोपरे, काटकोनात कापलेत. आतला कोपरा गोलच पाहिजे, टोकदार कोपऱ्यावर सगळा ताण येतो, तापून-निवून शीट प्रसरण-आकुंचन पावते आणि तिथनंच फाटते. शिवाय कटआउटच्या कडेला अ‍ॅल्युमिनियमची टेप लावतात, उष्णता एका जागी साचू नये म्हणून, ती नव्हतीच. भिंतीला शीट घट्ट चिकटवलेली, दोन-तीन मिलीमीटर मोकळी जागा सोडायची असते तीही नाही. म्हणजे आईची कढई निमित्त, पाप मिस्त्रीचं.

मग त्याने विचारलं, कटआउटचा तुकडा आहे का? त्याच शीटचा तुकडा असेल तर पॅच दिसणार नाही, नवीन शीट आणली तर दुसऱ्या बॅचमध्ये रंग किंचित हलतो. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय आणि आई बाल्कनीतनं तुळशीची कुंडी सरकवून त्याच्याखालचा तुकडा घेऊन आली! दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे खाल्लेला, चिखलाने माखलेला. त्याने धुतला, पॉलिश पेपर मारला, आतनं तसाच्या तसा पांढरा. कोपरे कापून नवे तुकडे बसवले, ग्लू, क्लॅम्प, मग जाड्या पेपरपासून बारीक पेपरपर्यंत घासणं. संध्याकाळी जोड शोधून दाखव म्हणाला, मला नाही सापडला. घरभर पिठाच्या गिरणीसारखी धूळ मात्र झाली, तेव्हा असं काम निघालं तर किचनचं दार टेपने बंद करा, आणि कामगाराला मास्क लावायला सांगा, तो नाही म्हणेल तरी सांगा. क्वार्ट्झ कापणाऱ्यांना सिलिकाच्या धुळीने फुफ्फुसाचा आजार होतो म्हणून ऑस्ट्रेलियाने २०२४ च्या जुलैपासून इंजिनिअर्ड स्टोनवर, म्हणजे या क्वार्ट्झच्या शीटवर, बंदीच घातली, कोरियनमध्ये सिलिकाचा तो प्रकार नाही, पण बारीक धूळ छातीत जाणं कुठलंच चांगलं नाही.

घेताना शीट उलटी करून बघा, चांगल्या कंपनीच्या शीटच्या मागे नाव आणि बॅच नंबर छापलेला असतो. मागे कोरं असेल आणि भाव फारच गोड असेल तर बहुतेक पॉलिस्टर मिसळलेला माल, तो जास्त ठिसूळ असतो आणि पिवळा पडायची शक्यताही जास्त. जाडी १२ मिलीमीटर पाहिजे, ओट्याची कड जाड दिसते ती खाली पट्टी चिकटवून केलेली असते, त्याने फसू नका. मोठ्या कंपन्या १० वर्षांची वॉरंटी देतात पण ती त्यांच्या अधिकृत फॅब्रिकेटरकडनं बसवलं तरच, तेव्हा शीटपेक्षा बसवणारा माणूस आधी शोधा. सिंक त्याच मटेरियलचं अखंड घेतलं तर बायको खूष, पण भाताची उकळती पेज ओतताना गार पाण्याचा नळ चालू ठेवायचा. पेंटचा थिनर, अ‍ॅसिटोन, ड्रेन क्लीनर याच्या जवळपास आणायचं नाही.

दुरुस्तीनंतर त्याच माणसाकडनं देवघर करून घेतलं आणि इथं मात्र मी पूर्ण मार्क देतो. सहा मिलीमीटरची शीट, सीएनसीने (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनने) कापलेली जाळी, मागे एलईडी, संध्याकाळी लावलं की दुधासारखा उजेड झिरपतो. कुंकू सांडलं, तेल सांडलं, ओल्या फडक्याने साफ. उदबत्तीची पेटती राख पडून एक तपकिरी ठिपका झाला होता, घासणीने पाच मिनिटांत गेला. फक्त समई मागच्या जाळीपासून हातभर पुढे आणि निरांजन तांब्याच्या ताम्हनात.

गॅसच्या बाजूचं काय केलं म्हणाल तर काही नाही. जुना ओटा फोडला तेव्हा आईने कडप्प्याचा एक चौकोनी तुकडा हट्टाने ठेवून घेतला होता, तो आता हॉबच्या शेजारी, खाली रबरी बूच लावून, कायमचा ठेवलाय. पांढऱ्या ओट्यावर काळा ठोकळा, इंटिरियरवाली बघून हसली. कढई त्याच्यावरच उतरते.