मोटार अपघातातली दुखापत: अडीच लाख घ्यायचे की न्यायाधिकरणात जायचं?

अपघातात हाड मोडलं की जखमीच्या घरच्यांपुढे दोन वाटा असतात: मोटार वाहन कायद्याचं कलम १६४ किंवा कलम १६६. कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला ठरलेले अडीच लाख मिळतात, मृत्यू झाल्यास पाच लाख. चूक कोणाची, हे सिद्ध करावं लागत नाही. कलम १६६ मध्ये रक्कम मोटार अपघात दावा न्यायाधिकरण (अशा भरपाईचे दावे ऐकणारं खास कोर्ट) ठरवतं आणि तिला कमाल मर्यादा नाही, पण समोरच्या चालकाची हयगय दाखवावी लागते.

सगळ्यात मोठा धोका या दोन वाटांच्या सांध्यावर आहे. विमा कंपनीने कलम १४९ च्या पद्धतीने (म्हणजे तडजोडीचा प्रस्ताव म्हणून) देऊ केलेली कलम १६४ ची रक्कम स्वीकारली, की कलम १६६ चा अर्ज संपुष्टात येतो. ‘आत्ता हे घ्या, बाकीचं कोर्टात बघू’ असं कोणी म्हणालं तर सही करू नका.

मग अडीच लाख कमी की पुरेसे? हिशेब मांडून बघा. वय ३५, स्वतःचा धंदा, महिना २०,००० रुपये कमाई आणि कामाच्या क्षमतेत कायमची २० टक्के घट, असं धरू. वर्षाचे २,४०,०००. भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून ३,३६,०००. त्याचे २० टक्के म्हणजे ६७,२००. या वयाचा गुणक (वयानुसार वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणतात तो आकडा) १६, म्हणून १०,७५,२००. दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, सोबतीला ठेवलेल्या माणसाचे पैसे आणि वेदनांची भरपाई याशिवाय. व्याजही साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून मिळतं, त्यामुळे वेळ गेला तरी सगळंच वाया जात नाही.

या हिशेबात अपंगत्वाचा टक्का सर्वांत जास्त वादाचा. अपंगत्वाच्या दाखल्यावर समजा ४५ टक्के लिहिले असतील, तर ते पायाचे आहेत की सगळ्या शरीराचे, हे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या. न्यायाधिकरण पाहतं ते कमाईवर झालेला परिणाम: गुडघा वाकत नसेल तर रिक्षाचालकाचं जेवढं नुकसान होतं, तेवढं टेबलावर काम करणाऱ्याचं होत नाही. दाखला देणारे डॉक्टर साक्षीला आले नाहीत, तर टक्का बहुतेक वेळा खाली येतो.

कलम १६४ खरंच शहाणपणाचं कधी? प्लास्टर निघालं, हाड नीट जुळलं, काम पूर्ववत सुरू झालं तेव्हा. किंवा चूक बरीचशी जखमीचीच होती आणि साक्षीदारही नाही तेव्हा, कारण कलम १६६ मध्ये जखमीच्या चुकीच्या प्रमाणात रक्कम कापली जाते. नुसता मुका मार मात्र कलम १६४ मध्ये बसत नाही, दुखापत गंभीर असावी लागते. हाड किंवा दात मोडणं, सांधा निखळणं, पंधरा दिवस नेहमीची कामं करता न येणं, ही त्याची उदाहरणं.

कोणतीही वाट धरलीत तरी पहिल्या दिवसाचे कागद जपा. दवाखान्यात घाईत ‘गाडीवरून पडला’ असं लिहिलं गेलं, तर विमा कंपनीचा वकील तेच वाक्य वर्षभराने पुढे करतो. भरती करतानाच ‘कारने धडक दिली’ असं लिहायला सांगा. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं आणि आयटी रिटर्न किंवा पगारपत्रक एका फायलीत ठेवा. उत्पन्नाचा कागद नसेल तर न्यायाधिकरण अंदाजाने रक्कम धरतं, आणि ती सहसा कमी असते.

कलम १६६ चा अर्ज अपघात झाला त्या किंवा तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणात करता येतो. चालक, मालक आणि विमा कंपनी, तिघांनाही प्रतिवादी करा. कायद्यात मुदत सहा महिन्यांची आहे. तिचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला असला, तरी त्याच्या भरवशावर थांबू नका.

लोकअदालतीत मिटवण्याचा प्रस्ताव आला तर तो वरच्या हिशेबाशी ताडून पाहा. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. न्यायाधिकरणाचा निकाल पटला नाही, तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात जाता येतं.