६ लिटरचा अल्ट्रासॉनिक क्लीनर: जुन्या कार्ब्युरेटरसाठी घ्यावा का?

वर्षानुवर्षं उभी असलेली मोटारसायकल किक मारल्यावर चालू होते, अ‍ॅक्सिलरेटर धरला तर पळतेही, पण सोडला की बंद पडते. अशा वेळी पहिला संशय कार्बच्या पायलट सर्किटवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन चालू ठेवणाऱ्या पेट्रोलच्या बारीक वाटेवर, घ्यावा. सुकलेल्या पेट्रोलचा चिकट थर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक वाटेत अडकलेला असतो आणि तिथे ब्रश पोहोचत नाही. अमाल कॉन्सेंट्रिक या जुन्या ब्रिटिश कार्बच्या बऱ्याच बॉडींमध्ये तर पायलट जेट (या वाटेतली मोजक्या भोकाची पितळी नळी) एअर स्क्रूच्या (हवा कमीजास्त करणाऱ्या स्क्रूच्या) मागे आत दाबून बसवलेला असतो, म्हणजे खोलायचीही सोय नाही. छोट्या वर्कशॉपला अल्ट्रासॉनिक क्लीनर, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्यात बारीक बुडबुडे तयार करून ते फुटण्याच्या जोराने घाण सोडवणारं यंत्र, घ्यावंसं वाटतं ते मुख्यतः या एका कामासाठी, आणि त्या कामात ते खरोखर उत्तम आहे.

या वर्गातल्या यंत्रांची रचना बहुतेक सारखीच असते: स्टीलची टाकी, आतून साधारण ३० × १५ × १५ सेंमी, वारंवारता ४० किलोहर्ट्झ, तळाला ६० वॅटचे ३ ट्रान्सड्यूसर (ध्वनिलहरी निर्माण करणारे भाग), शिवाय हीटर. सिंगल सिलिंडरचा कार्ब सुटा करून आरामात मावतो, जुळ्या कार्बची जोडी एकामागून एक धुवावी लागते. क्रँककेसचा विचारही करू नये.

हीटर मात्र कमजोर. ३०० वॅटच्या हीटरला ६ लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला हिशेबाने ४२ मिनिटं लागतात, प्रत्यक्षात उष्णता बाहेर जात असल्याने त्याहून जास्त. त्यामुळे गरम पाणीच ओतावं आणि हीटरकडे फक्त तापमान टिकवण्याचं काम ठेवावं. ५० ते ६० अंश पुरे. पाणी त्याहून बरंच तापलं तर बुडबुड्यांत वाफ भरते आणि ते फुटण्याचा जोर कमी होतो.

निकाल यंत्रापेक्षा तयारीवर जास्त ठरतो. फ्लोट, नीडल, सर्व जेट, स्लाइड, ओ-रिंग आणि गॅस्केट काढल्याशिवाय बॉडी आत घालू नये. बाहेरचं ग्रीस आणि माती आधी रॉकेलने काढावी आणि रॉकेल साबणाने पूर्ण धुऊन टाकावं. टाकीत पेट्रोल, थिनर, रॉकेल यांपैकी काहीही ओतायचं नाही. हीटर चालू असलेल्या यंत्रात ज्वलनशील द्रव म्हणजे आगीला आमंत्रण. साधं पाणी आणि सौम्य डिटर्जंट घ्यावं. कॉस्टिक असलेला क्लीनर घातला तर अ‍ॅल्युमिनियम काळं पडतं. जुन्या अमालची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते, त्यामुळे आम्लही चालत नाही, सायट्रिकसुद्धा नाही.

ताज्या पाण्यात हवा विरघळलेली असते आणि ती सफाईचा जोर कमी करते. म्हणून भाग घालण्याआधी यंत्र ५ ते १० मिनिटं रिकामं, म्हणजे भागांशिवाय, पाण्यासकट चालवावं. मग बॉडी जाळीच्या टोपलीत ठेवावी. तळाला थेट टेकवली तर टाकीच्या पत्र्याला खड्डे पडतात. पुढची पायरी सर्रास चुकते: बॉडी पाण्याखाली सगळ्या बाजूंनी फिरवून वाटांमधली हवा बाहेर काढायला हवी. जिथे हवा अडकली तिथे द्रव नाही, आणि द्रव नाही तिथे सफाई नाही. “मशीनने काही फरक पडला नाही” ही तक्रार बरेचदा इथूनच येते. १० मिनिटांच्या २ ते ३ फेऱ्या, प्रत्येक वेळी बाजू बदलून. बोटं टाकीत घालायची ती यंत्र बंद करूनच.

पितळी जेट टोपलीत टाकू नयेत, हरवतात. काचेच्या छोट्या बरणीत तेच साबणपाणी घेऊन त्यात जेट टाकावेत आणि बरणी टाकीत उभी करावी. काचेतूनही काम होतं. जेट तारेने कोरायचे नाहीत, भोक मोठं झालं की जेटवर कोरलेल्या मापाच्या आकड्याला अर्थ उरत नाही.

बाहेर काढल्याबरोबर गरम पाण्याने खळखळून धुवावं आणि कॉम्प्रेसरच्या हवेने प्रत्येक वाट लगेच सुकवावी. ओली ठेवलेली जस्ताची बॉडी पांढरी पडते. शेवटी एअर स्क्रूच्या भोकातून कार्ब स्प्रे मारून पाहावा, स्लाइडखालच्या बारीक छिद्रातून सरळ धार आली पाहिजे.

यंत्राकडून नको त्या अपेक्षाही ठेवू नयेत. गंज निघत नाही. सुटत आलेला रंग ठिगळठिगळ निघतो आणि भाग आधीपेक्षा वाईट दिसतो. झिजलेली स्लाइड किंवा अंडाकृती झालेला नीडल जेट चकचकीत होतो, पण गाडी जास्त पेट्रोल ओढतच राहते. पिवळसर पॅसिव्हेशन (गंजरोधक रासायनिक थर) असलेले मूळ स्क्रू जास्त वेळ ठेवले तर रंग जातो. बेअरिंग आणि मॅग्नेटोची कॉइल यात घालूच नये.

विकत घेताना घरातली पातळ अ‍ॅल्युमिनियम फॉइल पाण्यात उभी धरून मिनिटभर यंत्र चालवून पाहावं. भोकं सगळीकडे पडायला हवीत. एक पट्टा कोरा राहिला तर तिथला ट्रान्सड्यूसर निकामी आहे किंवा नीट चिकटलेला नाही, असं यंत्र परत करावं. तळाला पाणी सोडायचा नळ हवाच, नाहीतर ६ लिटर गढूळ पाणी दर वेळी यंत्र तिरकं करून ओतावं लागतं आणि ते मागच्या सर्किटवर सांडतं. प्लग अर्थिंगचा ३ पिनांचाच असावा. पाणी खुणेच्या खाली असताना चालवलेलं यंत्र फार टिकत नाही, मग ते कितीही महाग असो.