लक्झरच्या खग्रास सूर्यग्रहणाचं बुकिंग करताय? आमचे ४,३९,६०० रुपये कसे गेले ते आधी वाचा

२ ऑगस्ट २०२७ चं खग्रास सूर्यग्रहण इजिप्तमधल्या लक्झरहून बघायचं म्हणून आम्ही चौघांनी, म्हणजे मी, बायको, दादा आणि वहिनींनी, मिळून ४,३९,६०० रुपये भरले. तिकीट नाही, हॉटेल नाही, टूर नेणारा माणूस गायब. नातेवाइकांत हे सांगायचीही लाज वाटते, म्हणून दादा अजून गप्पच आहे. पण असे पैसे भरलेले आम्ही एकटे नाही आणि ग्रहणाला अजून अवकाश आहे, म्हणजे आणखी कितीतरी जण भरतील. म्हणून लिहितोय. त्या माणसाचं नाव मात्र लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे आणि वकिलांनी तसं बजावलंय.

‘इतके पैसे न बघता कसे दिले?’ हे विचारणाऱ्यांसाठी आधीच सांगतो. न बघता दिले नाहीत. मी सातारा जिल्ह्यात हायस्कूलला भूगोल आणि विज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलं. १६ फेब्रुवारी १९८० ला खग्रासचा पट्टा खाली उत्तर कर्नाटकातून गेला, आमच्याकडे खंडग्रास होतं. तेव्हा मी शाळकरी होतो आणि आईने दारं-खिडक्या लावून आम्हाला आत बसवलं होतं. २२ जुलै २००९ ला बायकोला घेऊन सुरतेला गेलो. सव्वातीन मिनिटांची खग्रास अवस्था होती, पण ऐन पावसाळा. काळोख पडला, पक्षी गप्प झाले, सूर्य ढगांतून बाहेर आलाच नाही. भारतातून पुढचं खग्रास २० मार्च २०३४ ला, तेही लडाखच्या बाजूला. मार्चमधली तिथली थंडी आणि बायकोचे गुडघे यांचं गणित जमणारं नाही. ऑगस्टमध्ये लक्झरचं आकाश निरभ्र असतं. चाळीस अंशांच्या वर ऊन असेल, पण ढग नाहीत. दुपारी एकच्या सुमारास, सूर्य जवळपास डोक्यावर असताना सहा मिनिटं वीस सेकंदांची खग्रास अवस्था. याहून लांब खग्रास थेट २११४ साली. हे सगळं मला त्या माणसाने सांगितलं नाही, मला आधीच माहीत होतं. त्याने एवढंच ओळखलं की मला ते माहीत आहे.

त्याचं व्याख्यान एका सभागृहात होतं. प्रवेश विनामूल्य, दारातच आयएसओ १२३१२-२ हे सुरक्षिततेचं मानक छापलेले ग्रहणचष्मे वाटत होते. माणूस उत्तम बोलला. सारोस १३६ ची, म्हणजे ठरावीक अंतराने परत येणाऱ्या एकाच कुळातल्या ग्रहणांची, मालिका त्याने फळ्यावर लिहून दाखवली. १९१९ चं ग्रहण, ज्यात एडिंग्टनने ताऱ्यांच्या प्रकाशाचं वळणं मोजलं, मग १९३७, १९५५, १९७३, १९९१, २००९ आणि २०२७. दर वेळी अठरा वर्षं, दहा किंवा अकरा दिवस आणि साधारण आठ तासांचं अंतर. मग सभागृहाकडे वळून म्हणाला, “सुरतेला कोण कोण गेलं होतं? तुमचं ढगात गेलेलं ग्रहणच आता परत येतंय.” मागून बायकोचा हात वर गेला. शास्त्र शंभर टक्के बरोबर होतं. एक अक्षर चुकलं असतं तर मी तिथेच उठलो असतो. खगोल इतकं चोख सांगणारा माणूस हिशेबात लबाडी करेल असं कुणाच्या मनात येतं? आमच्या आलं नाही. त्या सभागृहातल्या डॉक्टर-इंजिनियरांच्याही आलं नाही.

पॅकेज माणशी १,६८,००० रुपये, चौघांचे ६,७२,०००. आधी सीट पक्की करायला माणशी २१,००० म्हणजे ८४,०००. हे यूपीआयने गेले. मग विमानाचा हप्ता माणशी ६२,०००, म्हणजे २,४८,०००, एनईएफटीने. त्यानंतर पूर्ण पॅकेजवर तेव्हाच्या दराने पाच टक्के टीसीएस, म्हणजे परदेशी सहलीच्या रकमेवर टूर कंपनीने वसूल करायचा कर, ३३,६०० रुपये. “सर, हा तर सरकारी कर आहे, रिटर्न भरताना तुम्हाला परतच मिळणार.” शेवटी लक्झरच्या हॉटेलांनी त्या आठवड्याचे दर वाढवले म्हणून फरकाचे माणशी १८,५००, म्हणजे ७४,०००. दर वाढलेत ही गोष्ट खरीच होती, मी स्वतः पाहिली होती. प्रत्येक मागणीत थोडं खरं असायचं.

आता त्या तिकिटाबद्दल लिहितो. ते आठवलं की अजून झोप येत नाही.

विमानाचा हप्ता भरल्यावर जानेवारी २०२६ मध्ये त्याने पीडीएफ पाठवली. मुंबई ते कैरो, ३० जुलै २०२७. चौघांची नावं पासपोर्टवर आहेत तशी, सहा अक्षरांचा पीएनआर, सामानाचं वजन, सगळं. मी ती छापून आणली. दादाने फोनवरून मोठ्याने वाचून घेतली. भाचा घरी आला होता, तो एवढंच म्हणाला, “मामा, दीड वर्ष आधी तिकीट मिळतं का हो?” विमान कंपन्या साधारण ३३० ते ३६० दिवस आधी तिकीटविक्री खुली करतात. म्हणजे ३० जुलै २०२७ चं तिकीट ऑगस्ट २०२६ च्या आधी जगात कुणालाच विकत मिळणं शक्य नव्हतं. जे तिकीट अस्तित्वातच येऊ शकत नाही ते माझ्या हातात होतं, त्यावर माझं नाव होतं. २०२७ ची, २०३४ ची, २११४ ची ग्रहणं तोंडपाठ असलेल्या मला ती एक तारीख खटकली नाही. भाच्याचा प्रश्न मी त्या माणसाला विचारलाही. तो शांतपणे म्हणाला, “सर, हा ग्रुप ब्लॉक आहे, म्हणून कंपनीच्या साइटवर दिसणार नाही. नावं साठ दिवस आधी चढतात.” ग्रुप बुकिंगमध्ये नावं नंतर देतात हे खरं आहे, शाळेच्या सहलींना रेल्वेचं बुकिंग करताना असले प्रकार मी पाहिलेत. पण मग नावं नंतर चढणार असतील तर त्या कागदावर आमची नावं कशी छापली होती? हा प्रश्न मला त्या दिवशी सुचायला हवा होता. रोज सुचतो, आता सुचून उपयोग नाही. त्या दिवशी सुचला असता तर फरकाचे ७४,००० तरी वाचले असते, आणि बाकीच्या पैशांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन झाला असता. तिथे जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे खात्यात गोठवले जाण्याची शक्यता जास्त. तास महत्त्वाचे असतात, आमचे महिने गेले.

एनईएफटी करताना खातेदाराचं नाव दिसतं. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ पासून ही सोय बँकांना बंधनकारक केली आहे. फर्मच्या जागी एका बाईंचं नाव दिसलं. विचारलं तर, “फर्म एलएलपी होतेय, तोवर अकाउंटंटच्या खात्यात घेतोय.” कृपा करून हे वाक्य लक्षात ठेवा आणि कुणाच्याही तोंडून आलं की फोन ठेवून द्या. टूर कंपनीच्या नावाचं चालू खातं नसेल तर एक रुपया देऊ नका.

पावतीवरचा जीएसटी क्रमांक २४ ने सुरू होत होता. महाराष्ट्राचा कोड २७, २४ म्हणजे गुजरात. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकून बघायला काहीच पडत नाही. नंतर टाकला तेव्हा तो एका घाऊक कापड व्यापाऱ्याचा निघाला, ज्याला याची गंधवार्ता नसावी. आणि पत्रकावर पिरॅमिडच्या डोक्यावर काळा सूर्य छापला होता. गिझाचे पिरॅमिड कैरोला लागून आहेत, आणि कैरो खग्रासच्या पट्ट्यात येतच नाही, तिथे खंडग्रासच दिसणार. हे मी त्याला व्याख्यानानंतर बोललो होतो. “डिझायनरने टाकलं सर, तुमच्यासारखी नजर सगळ्यांची कुठे असते!” एवढ्यावर मी खूश झालो.

उघड झालं ते टीसीएसमुळे. ऑक्टोबर ते डिसेंबरचं टीसीएसचं विवरणपत्र १५ जानेवारीपर्यंत भरायचं असतं, त्यानंतर ती रक्कम आपल्या २६एएस मध्ये, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या आयकर खात्याकडच्या पत्रकात, दिसायला हवी. आमच्या करसल्लागाराने फेब्रुवारीअखेर पाहिलं, चौघांपैकी एकाच्याही पॅनवर काही नाही. मग मी त्याने दिलेलं हॉटेलचं व्हाउचर जोडून लक्झरच्या हॉटेलला थेट ईमेल केला. उत्तर आलं, या नावाने कुठलाही ग्रुप नाही आणि हे व्हाउचर आमचं नाही. त्या संध्याकाळपासून फोन बंद. पुण्यातलं ऑफिस ही महिन्याच्या भाड्याने घेतलेली एक केबिन होती, तीही सोडलेली.

यापुढचं जास्त संतापजनक आहे.

पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदाराने कागद चाळले आणि विचारलं, “गुरुजी, ट्रिप २०२७ ची आहे ना? मग तारीख अजून गेलीय कुठे? तो नेणार नाही हे तुम्ही आजच कसं म्हणता?” खोटं तिकीट समोर ठेवलं, हॉटेलचा ईमेल ठेवला, खोटा जीएसटी क्रमांक ठेवला. “हा तर दिवाणी मामला आहे.” भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे म्हटलं तर चेहरा बदलला. मग हद्द निघाली. ऑफिस पुण्यात, खातं परराज्यातल्या शाखेत, तुम्ही साताऱ्याचे. गुन्हा कुठेही घडलेला असला तरी तक्रार नोंदवून घ्यायची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, हे मला वकिलांनी लिहून दिलं होतं. तो कागद वाचायलाही कुणी तयार नव्हतं. “अर्ज द्या, चौकशीवर ठेवतो.” अर्ज अजून चौकशीवरच आहे. सायबरच्या टेबलावर पाठवलं, तिथे म्हणाले तुम्ही त्याला प्रत्यक्ष भेटलात, मग हे सायबर कसं? परत खाली आलो तर, पैसे ऑनलाइन गेलेत ना, मग ते सायबरचंच काम. साठीच्या माणसाला जिना चढवायचा आणि उतरवायचा, याला चौकशी म्हणायचं का? आणि एक जण बायकोसमोर बोलला, “ग्रहण बघायला एवढ्या लांब कशाला? घरी टीव्हीवर दिसलं असतं.” बायको तिथे काही बोलली नाही. घरी येऊन रडली. हौस करणं हा गुन्हा नाही, आणि त्या हौशीपोटी कुणी लुटला गेला तर त्याला उपदेश करायचा अधिकार वर्दीला कुणी दिला?

बँकेत गेलो. “व्यवहार तुम्ही स्वतः पिन टाकून केलाय, आमची जबाबदारी नाही.” ज्या खात्यात पैसे गेले त्या खातेदार बाई कोण, एवढं तरी सांगा. “गोपनीय आहे.” माझे पैसे घेणाऱ्याची गोपनीयता जपायची, माझं कुणी बघायचं? वरच्या पातळीवर तक्रार केली, ‘निराकरण झाले’ असा संदेश आला आणि तक्रार बंद. कसलं निराकरण? ग्राहक आयोगात आमच्या रकमेला फी लागत नाही, पाच लाखांपर्यंत ती माफ आहे, हे एक चांगलं. पण नोटीस कुठे बजावायची? केबिन सोडलेली, नोटीस ‘पत्त्यावर आढळत नाही’ म्हणून परत. पत्ता शोधायचा पोलिसांनी, पोलीस म्हणतात गुन्हा नोंदल्याशिवाय शोधता येत नाही, आणि गुन्हा नोंदत नाहीत.

ज्यांनी पैसे भरले आहेत त्यांनी आजच २६एएस उघडून टीसीएस शोधा. हॉटेलला स्वतः ईमेल करा, एजंटने दिलेल्या पत्त्यावर नको, हॉटेलच्या साइटवरच्या पत्त्यावर. पासपोर्ट, आधार, पॅनच्या प्रती दिल्या असतील तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करा आणि आपल्या नावावर कुणी कर्ज काढलंय का ते सिबिलवर बघा, आम्ही हे उशिरा केलं. शक्य असेल तिथे क्रेडिट कार्डाने भरा, निदान व्यवहाराला हरकत घेता येते. हप्त्याची मुदत ‘आज रात्री बारापर्यंत’ असेल तर ती रात्र जाऊ द्या. एकेकट्याने ठाण्यात जाऊ नका. पाच-सात कुटुंबं मिळून आर्थिक गुन्हे शाखेत जा, पावत्यांचा एकत्र तक्ता करून. आम्हाला अशी आणखी तीन कुटुंबं सापडली आहेत, आणि एकत्र गेल्यावर पहिल्यांदा कुणीतरी खुर्ची दिली.

आणि हे महत्त्वाचं. गेल्या आठवड्यात कोल्हापूरच्या एका निवृत्त सहकाऱ्याने मला एक पत्रक पाठवलं. २२ जुलै २०२८, सिडनी, खग्रास सूर्यग्रहण. फर्मचं नाव वेगळं, फोन नंबर वेगळा. व्याख्यात्याचा फोटो तोच, फक्त दाढी वाढवलेली. सीट पक्की करायची रक्कम माणशी २१,००० रुपये. व्याख्यान विनामूल्य आहे आणि दारात चष्मे वाटणार आहेत. ते पत्रक मी तक्रारीला जोडलंय. तुमच्याकडे आलं तर पैसे भरू नका, पुढे पाठवू नका, तारखेसकट छापून घ्या आणि ठाण्यात नेऊन द्या.