साडेआठ तासांचा ‘निकोलस निकल्बी’, झाडीपट्टीतून पाहिलेला

चार्ल्स डिकन्सच्या कादंबरीवरून डेव्हिड एडगर यांनी लिहिलेले आणि रॉयल शेक्सपिअर कंपनीने १९८० मध्ये लंडनला रंगमंचावर आणलेले ‘निकोलस निकल्बी’ हे नाटक सुमारे साडेआठ तासांचे आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये चॅनल फोर या नव्या ब्रिटिश वाहिनीने चार भागांत दाखवलेले त्याचे चित्रण मी चार रात्रींत पाहिले. लांबीची धास्ती आम्हा झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या लोकांना नाही. दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, पाहिलेली माणसे वडसा-देसाईगंजच्या कंपन्यांची नाटके रात्रभर पाहतात.

सुमारे ४० नट येथे दीडशेच्या आसपास भूमिका करतात. कादंबरीतील निवेदनही तेच आळीपाळीने बोलतात, आणि एखादे पात्र तर स्वतःच्याच मनातली लाज ‘त्याला असे वाटले’ अशा शब्दांत सांगून टाकते. त्यामुळे कादंबरीचे नाटक होताना तिचा निवेदक हरवलेला नाही.

कॅमेऱ्याविषयी मात्र माझी तक्रार आहे. एक प्रसंग चालू असताना बाकीचे नट कडेला उभे राहून तो पाहत असतात, हा या प्रयोगाचा प्राण. पण चित्रण पुन्हा पुन्हा एकाच चेहऱ्याजवळ जाते आणि ती पाहणारी गर्दी चौकटीबाहेर राहते. शेवटच्या भागातील कारस्थानांचा उलगडाही फार सोयीस्कर आहे, अर्थात तो दोष मूळ कादंबरीचा.

क्रमल्स यांच्या फिरत्या नाटक कंपनीचा भाग सर्वांत रंगतो. मालकाची ‘बालनटी’ कन्या कित्येक वर्षे दहाच वर्षांची आहे, आणि ‘रोमिओ अँड ज्युलिएट’चा शेवट ही मंडळी बेधडक गोड करून टाकतात. सोबत बसलेले शेजारचे पेटीवाले काका हसून म्हणाले, “हे त आपलीच कंपनी हाय ना गा!”

कंपनीच्या याच ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये, शाळेच्या छळातून सुटलेल्या स्माइक या मुलाला औषधविक्याची भूमिका मिळते आणि “कोण एवढ्या मोठ्याने हाक मारतंय?” या अर्थाचे वाक्य तो मोठ्या कष्टाने पाठ करतो. पुढे मृत्युशय्येवर स्माइक झालेले नट डेव्हिड थ्रेल्फॉल तेच वाक्य पुन्हा उच्चारतात, तेव्हा कॅमेरा जवळ असल्याबद्दलची माझी सगळी कुरकुर थांबली.