कोल्हापुरात दाखला हवाय, दवाखान्याचं बिल आहे, गल्लीतला रस्ता उखडलाय : आमदारांच्या कार्यालयात जायचं की सेवा केंद्रात?

जून उजाडला की आमच्या उचगावात घरोघरी एकच धावपळ. कुणाचा उत्पन्नाचा दाखला नाही, कुणाचं नॉन-क्रिमिलेअर संपलंय, आणि प्रवेशाची तारीख तोंडावर. मग ठरलेला प्रश्न येतो. आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात कागद देऊन यायचं, की आपले सरकार सेवा केंद्रात आपणच रांगेला उभं राहायचं? घरच्या आणि शेजारच्या कामांसाठी मी दोन्हीकडे भरपूर हेलपाटे घातलेत. माझं मत आता पक्कं आहे. दाखल्याला केंद्र, आजारपणाला आणि अडलेल्या कामाला कार्यालय.

आधी दाखल्याचं बघू, कारण सगळ्यात जास्त गफलत तिथंच होते. उत्पन्न, अधिवास, जात, नॉन-क्रिमिलेअर ही सगळी कामं 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली येतात. प्रत्येकाला मुदत ठरलेली आहे. उत्पन्नाच्या दाखल्याला 15 दिवस. केंद्रात अर्ज भरला की पावती मिळते, तिच्यावर अर्जाचा नंबर असतो आणि मुदत तिथून मोजली जाते. मुदत टळली किंवा अर्ज विनाकारण नाकारला तर 30 दिवसांत वरच्या अधिकाऱ्याकडं पहिलं अपील, मग दुसरं, त्यानंतर थेट सेवा हक्क आयोगाकडं जाता येतं. चूक अधिकाऱ्याची ठरली तर त्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. हा सगळा जोर त्या पावतीच्या नंबरात आहे. आमदारांच्या पत्रावर ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असं लिहिलेलं असतं, पण त्या पत्रानं मुदत सुरू होत नाही.

हे मी अनुभवानं शिकले. पुतणीच्या नॉन-क्रिमिलेअरचे कागद मी एका लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात दिले होते. तिथला मुलगा आदबीनं बोलला, ‘ताई, निवांत राहा, होतंय.’ नवव्या दिवशी जाऊन बघते तर आमचं खाकी पाकीट टेबलावरच्या गठ्ठ्यात, मी लावलेल्या टाचणीसकट, होतं तसंच. अर्ज भरलाच नव्हता. नंबर नाही, तर तक्रार तरी कशावर करणार? दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रात जाऊन मी स्वतः अर्ज भरला. ते नऊ दिवस मात्र गेले ते गेलेच. आणि आता तर दाखल्याला फार किंमत आहे. 2024 पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि ओबीसी घरांतल्या, 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे. एका कागदापायी पोरीची फी माफी अडली तर जीव तुटतो.

याला एक अपवाद आहे. आमदार तहसीलचे कर्मचारी बोलावून दाखल्यांचं शिबिर घेतात, तेव्हा जरूर जावं. तिथं अर्ज जागेवर भरला जातो. पावती हातात घेतल्याशिवाय मात्र उठायचं नाही.

आता दुसरी बाजू, आणि इथं कार्यालयाला तोड नाही. शेजारच्या मावशींच्या मालकांना रात्री खासगी दवाखान्यात नेलं होतं. अनामत रकमेचा आकडा ऐकून मावशी जिन्यातच बसल्या. मी आमदारांच्या कार्यालयात वैद्यकीय काम बघणाऱ्या पोराला फोन लावला. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, ‘दवाखाना महात्मा फुले योजनेत आहे का?’ होता. मग म्हणाला, ‘पैसे भरू नका, सकाळी आरोग्यमित्राला भेटा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा.’ योजनेतल्या दवाखान्यात रुग्णाला मदत करायला आरोग्यमित्र बसतो आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात, हे मावशींना कोण सांगणार होतं? मुख्यमंत्री सहायता निधीचंही तसंच. तहसीलदारांचा 1 लाख 60 हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, दवाखान्याचं खर्चाचं अंदाजपत्रक, कुठला कागद कमी पडतोय, हे त्या पोरांना तोंडपाठ असतं. ही मदत मी मनापासून मानते.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नोकरी मेळावा, शिष्यवृत्तीची मुदत, डोळ्यांची तपासणी असं सगळं येत असतं. त्या ग्रुपमध्ये असावंच. फक्त तारीख आणि अटी मूळ ठिकाणी पडताळून घ्याव्यात. नोकरीची ‘महास्वयम’ या सरकारी संकेतस्थळावर, शिष्यवृत्तीची ‘महाडीबीटी’वर. पुढं ढकललेले निरोप बऱ्याचदा जुने असतात.

निराधार पेन्शनचा अर्ज तहसीललाच द्यावा लागतो. पण मंजुरी तालुक्याच्या समितीत होते आणि तिच्यात अशासकीय सदस्यही असतात, त्यामुळं महिनोन्महिने निकाल लागत नसेल तर कार्यालयातून पाठपुरावा करून घेण्यात काहीच गैर नाही.

रस्ता, सभागृह, पथदिवे यांसाठी मात्र कार्यालयच गाठावं. आमदाराला वर्षाला 5 कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, आणि त्याला प्रशासकीय मंजुरी जिल्हाधिकारी देतात. एकट्याचं नाव घालून गेलात तर कागद मागं पडतो. गल्लीच्या सह्या आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडा. या निधीतून वैयक्तिक कामाला पैसे देता येत नाहीत. घराची भिंत पडली म्हणून आशेनं आलेली माणसं रिकाम्या हातानं परत जाताना मी पाहिलीत. त्यांना हे दारातच सांगायला हवं.

आपला आमदार कोण, हेही तालुक्यावरून ठरवू नका. गडहिंग्लज तालुका चंदगड आणि कागल अशा दोन मतदारसंघांत विभागलाय. मतदार यादी बघा. तहसील मात्र एकच, आणि दाखल्याला तुमचा मतदारसंघ कुणी विचारत नाही.

दोन्हीकडे काम अडलं तर लोकशाही दिन आहे, म्हणजे अधिकाऱ्यांसमोर तक्रार मांडायचा ठरलेला दिवस. महिन्याच्या पहिल्या सोमवारी नागाळा पार्कातल्या जिल्हाधिकारी कार्यालयात. विहित नमुन्यातला अर्ज 15 दिवस आधी द्यावा लागतो आणि कोर्टात चालू असलेलं प्रकरण घेत नाहीत. तालुक्याला आधी दिलेल्या अर्जाची पोच सोबत ठेवा.

कुठंही जा, मूळ कागद हातचे सोडू नका. झेरॉक्स द्या, आणि कुणाकडं कधी दिली ते तिच्याच मागं लिहून ठेवा. आचारसंहिता लागली की निधीतली नवी कामं थांबतात, लोकशाही दिनही होत नाही. दाखले तेवढे चालू राहतात, पण जूनमध्ये केंद्रावर उभं राहायला जागा नसते. पोरं दहावी-बारावीला असतील तर मे लागताच उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरून टाका.